विश्लेषण : पाळीच्या नोंदी मोबाइलमध्ये जमल्या, त्या वाचायला डॉक्टरांना कोण शिकवणार?

पाळीची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या महिलेला पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेवटची पाळी कधी आली? ती तारीख केसपेपरवर लिहिली जाते आणि पाळीची चौकशी अनेकदा तिथेच संपते. चक्र साधारण किती दिवसांचे असते, मधल्या दिवसांत स्राव कसा बदलतो, स्त्रीबीज बाहेर पडल्याची एखादी खूण दिसते का, हे क्वचितच विचारले जाते. दुसरीकडे अनेक तरुणींच्या मोबाइलमधील अॅपमध्ये दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या नोंदी साठलेल्या असतात. त्या डॉक्टरांपुढे ठेवल्या तरी त्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

अशा नोंदींचा अर्थ लावण्याचे एक शास्त्र आहे. त्याला ‘फर्टिलिटी अवेअरनेस’ म्हणजे जननक्षमतेची ओळख असे म्हणतात. कुटुंब नियोजनाची एक पर्यायी पद्धत एवढ्यापुरतेच त्याकडे पाहिले जाते आणि ‘भरवशाची नाही’ म्हणून ते बाजूला सारले जाते. पण पाळीच्या चक्राचे वाचन हे आधी निदानाचे कौशल्य आहे, गर्भनिरोधनाची पद्धत नंतर. म्हणूनच डॉक्टर, परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात त्याला पक्की जागा मिळायला हवी.

या पद्धती म्हणजे नेमके काय?

स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडल्यावर साधारण १२ ते २४ तासच टिकते. शुक्राणू मात्र अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे एका चक्रात गर्भधारणेची शक्यता असलेले दिवस सुमारे सहाच. अॅलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ही सहा दिवसांची खिडकी स्पष्ट झाली. बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, अशी ती आहे.

ही खिडकी ओळखण्याच्या प्रमुख खुणा तीन. पहिली, तारखांचे गणित. दुसरी, गर्भाशयमुखातून येणारा स्राव. बीज बाहेर पडण्याचे दिवस जवळ आले की तो अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा आणि ताणला जाणारा होतो. नंतर पुन्हा घट्ट होतो किंवा नाहीसा होतो. तिसरी खूण, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेले तापमान. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढून पुढची पाळी येईपर्यंत वरच राहते. स्राव आणि तापमान या दोन्ही खुणा एकत्र पाहिल्या की त्याला लक्षण-तापमान पद्धत म्हणतात.

यातला फरक नीट समजून घ्यायला हवा. तारखांचे गणित हा मागच्या महिन्यांवरून काढलेला अंदाज असतो. स्राव आणि तापमान हे चालू महिन्याचे मोजमाप असते. स्राव आगाऊ सूचना देतो, तापमान नंतर खात्री पटवते. बहुतेक मोफत अॅप पहिल्या प्रकारात मोडतात. त्यांच्या पडद्यावर दिसणारे रंगीत दिवस म्हणजे जुन्या तारखांची सरासरी असते, त्या महिन्यात शरीरात काय घडले याचा पुरावा नव्हे.

‘सुरक्षित काळ’ म्हणतात तो हाच का?

नाही. ‘सुरक्षित काळ’ या नावाने घरोघरी माहीत असलेली पद्धत शंभर वर्षांपूर्वीच्या संशोधनातून आली. जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हर्मन क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे दाखवून दिले की, बीज बाहेर पडण्याची वेळ पुढच्या पाळीपासून मागे मोजल्यास बऱ्यापैकी ठरावीक येते. अडचण अशी की पुढची पाळी कधी येणार, हे आधी कळत नाही. बीज बाहेर पडल्यापासून पाळीपर्यंतचा काळ साधारण १२ ते १४ दिवसांचा असतो. त्याआधीचा काळ मात्र लांबतो किंवा आखडतो. आजारपण, ताण, प्रवास किंवा वजनातील चढउतार यांनी बीज बाहेर पडणे पुढे गेले की पाळीही पुढे जाते.

बीज १४ व्या दिवशी आणि गर्भधारणेचे दिवस १० ते १७, हे शाळेपासून शिकवले जाणारे गणित किती अपुरे आहे, हे विल्कॉक्स यांच्याच २००० मधील अभ्यासात दिसले. ज्यांची संपूर्ण खिडकी या १० ते १७ दिवसांत बसत होती अशा महिला जेमतेम ३० टक्के होत्या. पाळी नियमित असलेल्यांनाही हा नियम चुकवू शकतो.

तरीही देशात अनेक जोडपी अंदाजावर विसंबतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पारंपरिक पद्धती वापरणाऱ्या विवाहित महिलांचे प्रमाण चौथ्या फेरीत ५.७ टक्के होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते १०.२ टक्क्यांवर गेले. पारंपरिक म्हणजे प्रामुख्याने सुरक्षित काळ आणि वीर्यपतनापूर्वी संबंध थांबवणे. महाराष्ट्रात हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, कारण येथे जवळपास निम्म्या विवाहित महिलांची नसबंदी झालेली आहे. देशाचा आकडा मात्र सांगतो की, आरोग्य यंत्रणेने शिकवले नाही म्हणून लोक ही पद्धत वापरायची थांबत नाहीत. ते ऐकीव माहितीवर वापरतात.

भरवसा किती? आकडे काय सांगतात?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण पद्धत एक नाही. अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था ‘सीडीसी’ या पद्धतींचे नेहमीच्या वापरातील अपयश वर्षाला १०० महिलांमागे २ ते २३ असे देते. एवढी मोठी तफावत का, हे तीन अभ्यासांवरून समजते.

जर्मनीत लक्षण-तापमान पद्धत वापरणाऱ्या ९०० महिलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नियम काटेकोर पाळले तेव्हा वर्षाला १०० महिलांमागे ०.४ आणि एकूण वापरात १.८ गर्भधारणा झाल्या. या महिलांना प्रशिक्षित शिक्षकांनी शिकवले होते आणि त्या मनापासून नोंदी ठेवत होत्या, हे विसरता येत नाही.

दुसरी, ‘ठरावीक दिवस’ पद्धत. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या प्रजनन आरोग्य संस्थेने ती विकसित केली. पाळीचे चक्र २६ ते ३२ दिवसांचे असेल त्यांनाच ती चालते आणि त्यांनी आठव्या ते १९ व्या दिवसापर्यंत असुरक्षित संबंध टाळायचे. त्यासाठी ३२ मण्यांची रंगीत माळ असते. एक लाल मणी पाळीच्या पहिल्या दिवसाचा, १२ पांढरे मणी जोखमीच्या दिवसांचे, बाकीचे तपकिरी. झारखंडमध्ये ही माळ ‘मालाचक्र’ नावाने गावागावांत पोहोचली. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समधील ४७८ महिलांच्या २००२ च्या अभ्यासात नीट वापरल्यास वर्षाला १०० मागे सुमारे ५ आणि नेहमीच्या वापरात सुमारे १२ गर्भधारणा झाल्या.

तिसरा, जागतिक आरोग्य संघटनेचा केवळ स्राव पाहण्याच्या पद्धतीवरील अभ्यास. १९८० च्या सुमारास झालेल्या या अभ्यासाच्या पाच केंद्रांत बंगळूरुही होते. शिकवणीच्या पहिल्याच चक्रात ९३ टक्के महिलांना आपल्या स्रावातील बदल ओळखून नोंदवता आला. तरीही नेहमीच्या वापरातील अपयश १०० मागे वीसच्या वर गेले; नियम काटेकोर पाळणाऱ्यांत ते तीनच्या आसपास होते. म्हणजे महिलांना खूण कळत होती. अडचण नियम पाळण्यात होती आणि ते पाळणे एकट्या बाईच्या हातात नसते.

या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवण्याचेही कारण नाही. २०१८ मध्ये झालेल्या पद्धतशीर आढाव्यात ५३ अभ्यास तपासले गेले. त्यातला एकही उच्च दर्जाचा नव्हता. हे जोडप्यांना सांगितले गेले पाहिजे. ते सांगायचे तर आधी सांगणाऱ्याला या पद्धतींतला फरक माहीत हवा.

गर्भनिरोधन नको असेल, तर याचा उपयोग काय?

खरा मुद्दा इथे आहे. मूल राहत नाही म्हणून आलेल्या महिलेला अनेकदा २१ व्या दिवशी प्रोजेस्टेरॉनची तपासणी सांगितली जाते. या तपासणीने बीज बाहेर पडले की नाही हे कळते आणि ती पुढच्या पाळीच्या साधारण आठवडाभर आधी व्हायला हवी. २८ दिवसांचे चक्र असेल तर २१ वा दिवस बरोबर आहे. चक्र ३५ दिवसांचे असेल तर तीच तपासणी २८ व्या दिवसाच्या आसपास व्हायला हवी. २१ व्या दिवशी अशा महिलेचे बीज नुकतेच बाहेर पडत असते, प्रोजेस्टेरॉन कमी येते आणि ‘बीज तयार होत नाही’ असा निष्कर्ष निघू शकतो. पुढची औषधे त्या निष्कर्षावर सुरू होतात. तिचा तीन महिन्यांचा तक्ता वाचायला पाच मिनिटे दिली असती, तर तपासणीचा दिवस बदलला असता.

दुसरे उदाहरण पीसीओएसचे. यात पाळी लांबते आणि बीज अनियमितपणे बाहेर पडते. औषध दुकानात मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटची पट्टी अशा महिलांत बीज बाहेर न पडताही होकारार्थी येऊ शकते, कारण त्यांच्या शरीरात एलएच हे संप्रेरक आधीच वाढलेले असू शकते. पट्टीसोबत तापमानाचा तक्ता असेल, तर तापमान चढलेच नाही हे लगेच दिसते. थायरॉइड, वाढलेले प्रोलॅक्टिन, अतिव्यायाम किंवा अपुरा आहार यांचे पडसादही चक्रात उमटतात. तक्ता निदान करत नाही. कुठली तपासणी कधी करायची, हे तो सांगतो.

अमेरिकेतील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये बालरोगतज्ज्ञांसोबत आणि पुन्हा २०१५ मध्ये सांगितले की, किशोरवयीन मुलींत पाळीकडे नाडी, श्वसन, रक्तदाब यांच्यासारखे आरोग्याचे मूलभूत लक्षण म्हणून पाहावे. प्रौढ महिलांत २४ ते ३८ दिवसांचे चक्र सामान्य मानावे, असे स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिगो’ सांगते. म्हणजे ३४ दिवसांनी पाळी येते म्हणून घाबरलेल्या महिलेला धीर द्यायचा आणि ५० दिवसांनी येणाऱ्या पाळीकडे ‘लग्नानंतर होईल ठीक’ म्हणून दुर्लक्ष करायचे नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक गंभीर का?

कारण ‘अंगावरून पांढरे जाणे’. राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तक्रार रोज ऐकू येते. तिचे दोन अर्थ असू शकतात. एक, महिन्याच्या मध्यावर येणारा नैसर्गिक स्राव. दुसरा, जंतुसंसर्ग, ज्याला उपचार हवाच. चक्राच्या कोणत्या दिवशी, कसा, खाज किंवा दुर्गंधी आहे का, हे विचारल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय दोन्हींत फरक करता येत नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० महिलांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के महिलांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. तेव्हा ‘पांढरे जाणे नैसर्गिकच असते’ म्हणून सगळ्यांना परत पाठवणे हा गुन्हा ठरेल.

उलट टोक बीडमध्ये दिसले. ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याची प्रकरणे २०१९ मध्ये गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. याच सुमारास राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील महिलांमध्ये देशाची सरासरी ३.३ टक्के होती. बीडमधील या महिलांत हे प्रमाण जवळपास १७ टक्के भरते. खाडा झाला तर मजुरी कापली जाण्याची धास्ती, उचलीचे कर्ज, फडात पाणी-शौचालयाची वानवा आणि कर्करोगाची दाखवलेली भीती, अशी अनेक कारणे त्यामागे होती. डॉक्टरांना तक्ता वाचायला शिकवून उचलीचे कर्ज फिटणार नाही. पण पांढरे पाणी, पोटदुखी किंवा जास्त रक्तस्राव यांपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतच्या वाटेत कुठेतरी ‘हे शरीरात नेमके काय चालले आहे’ हे समजावून सांगणारी एक भेट व्हायला हवी होती. स्वतःच्या शरीराची माहिती असलेल्या महिलेला ‘पिशवी खराब झाली’ एवढे सांगून गप्प करणे अवघड असते. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणाऱ्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. कागदावरचा नियम दवाखान्यात उतरतो तो अशाच भेटींमधून.

प्रशिक्षणात काय कमी आहे?

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला या पद्धती अजिबात माहीत नसतात, असे नाही. पार्क यांच्या सर्वपरिचित पाठ्यपुस्तकात तारीख, तापमान, स्राव अशा नैसर्गिक पद्धती दिलेल्या आहेत. त्या वाचल्या जातात, परीक्षेत लिहिल्या जातात आणि मागे पडतात. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात स्त्रीरोग विषयातील गर्भनिरोधनाच्या क्षमतेत गोळ्या, पुरुषांसाठीच्या पद्धती, आपत्कालीन गर्भनिरोधन आणि तांबी यांची नावे आहेत. नैसर्गिक पद्धतींचे नाव नाही. कौशल्य म्हणून, म्हणजे महिलेच्या हातचा तक्ता समोर घेऊन तो वाचणे, हे शिकवण्याची सक्ती कुठेच नाही.

यामागे इतिहासही आहे. अनेक देशांत या पद्धतींचा प्रसार धार्मिक संस्थांमार्फत झाला, त्यामुळे वैद्यकविश्वाने त्यांच्याकडे श्रद्धेचा विषय म्हणून पाहिले. शिवाय यात विकण्यासारखे औषध किंवा उपकरण फारसे नाही. ज्याचा प्रतिनिधी डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग घेऊन बसत नाही, ते ज्ञान मागे राहिले तर नवल नाही.

धोके कोणते?

धोके आहेत आणि प्रशिक्षण हवे ते त्यांच्यासाठीही. बाळंतपणानंतर, स्तनपान चालू असताना, पाळी नुकतीच सुरू झालेल्या वयात आणि ती बंद होण्याच्या सुमारास खुणा वाचणे कठीण असते. जिच्यासाठी गर्भधारणा जिवावर बेतू शकते, तिला अधिक खात्रीचे साधन सांगितले पाहिजे. एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्गांपासून या पद्धती संरक्षण देत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे, नवऱ्याला ‘आज नको’ म्हणण्याची मुभा जिला घरात नाही, तिच्या हाती तक्ता देऊन काही साधत नाही. हे एकांतात, सासूबाई बाहेर बसलेल्या असताना, कसे विचारायचे हाही प्रशिक्षणाचा भाग आहे.

अॅपबाबतही तेच. ‘नॅचरल सायकल्स’ या स्वीडिश अॅपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये गर्भनिरोधनासाठी परवानगी दिली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला स्टॉकहोममधील एका रुग्णालयाने कळवले होते की, चार महिन्यांत गर्भपातासाठी आलेल्या ६६८ महिलांपैकी ३७ जणी हे अॅप वापरत होत्या. स्वीडनच्या औषध नियामकाने चौकशी केली, तेव्हा हे प्रमाण कंपनीने आधीच सांगितलेल्या अपयशाच्या दराशी जुळणारे निघाले. अपयशाचा दर छापलेला होता. वापरणाऱ्यांच्या तो कितपत ध्यानात आला होता, हा वेगळा प्रश्न. ‘फ्लो’ या लोकप्रिय अॅपने वापरकर्त्यांची माहिती फेसबुक, गुगलसारख्या कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २०२१ मध्ये तडजोड केली. पाळीची नोंद कागदी वहीतही उत्तम होते, हे सांगणारा डॉक्टर म्हणूनच हवा.

दवाखान्यात वेळ नाही, हा आक्षेप रास्त आहे. ओपीडीत शंभर रुग्ण असताना डॉक्टरांनी अर्धा तास शिकवणी घ्यावी, ही अपेक्षा कोणी करू नये. पण शिकवणारा आणि वाचणारा एकच असायला हवा, असेही नाही. स्वतःचा तक्ता कसा भरायचा, हे परिचारिका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी शिकवू शकतात. डॉक्टरांनी तो वाचायचा.

मग करायचे काय?

चार गोष्टी हाताशी असलेल्या व्यवस्थेत बसतात. एक, एमबीबीएस आणि नर्सिंगच्या स्त्रीरोग टर्ममध्ये तक्तावाचनाचे प्रात्यक्षिक. दोन, नोंदणीच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांना क्रेडिट पॉइंट मिळवावेच लागतात. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या मान्यतेने या विषयाचा एक दिवसाचा अभ्यासक्रम त्यात येऊ शकतो. तीन, किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या ‘मैत्री क्लिनिक’मध्ये समुपदेशकांना पाळीच्या नोंदींचे प्रशिक्षण. चार, कुटुंब नियोजनाच्या समुपदेशनात या पद्धतींचे खरे आकडे, उणिवांसह. कोणतीही पद्धत गळ्यात मारायची नाही आणि कोणती लपवायचीही नाही.

प्रशिक्षण झाले की नाही, हे तपासणे सोपे आहे. अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यासमोर तीन तक्ते ठेवावेत. पहिल्यात तापमान चढून १३ दिवसांनी पाळी आलेली. दुसऱ्यात ४५ दिवस तापमान चढलेलेच नाही. तिसऱ्यात तापमान चढून २० दिवस झाले, तरी खाली उतरलेले नाही. पहिली महिला निरोगी चक्राची, दुसरीच्या बाबतीत बीज का बाहेर पडत नाही ते शोधायचे आणि तिसरीची कुठलेही औषध किंवा एक्स-रे लिहून देण्याआधी गर्भधारणेची चाचणी करायची. हे तीन तक्ते ज्याला वेगळे सांगता येतील, त्या डॉक्टरासमोर मोबाइल उघडून ठेवायला महिलांनाही संकोच वाटणार नाही.